साळवेकाकांची रांगेतली प्रार्थना

मुलुंडला राहत असताना बसस्टॉपवर जाण्याआधी मी कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याच्या टपरीआडून रांग न्याहाळून घ्यायचो. रांगेत साळवेकाका दिसले की एक बस सोडून द्यायचो. ऑफिसात उशिराबद्दल साहेबाची बोलणी बसायची, ती परवडली. काका दिसले नाहीत तर मी बेधडक जाऊन उभा राहायचो, आणि बहुतेक वेळा मागून आवाज यायचाच, "काय सावंत, आज लवकर?" तो आवाज आग्रा रोडच्या पलीकडल्या फुटपाथलाही ऐकू जायचा.

शांतवन साळवे आमच्याच मजल्यावर राहायचे. मूळचे नगरकडचे, आजोबांपासूनचे ख्रिस्ती. भांडुपच्या एका कारखान्यात प्रेसखात्यात होते. उमेदीची सगळी वर्षं पत्रे ठोकणाऱ्या मशीनींच्या धडाडधूममध्ये गेल्यामुळे दोन्ही कान जवळजवळ कामातून गेलेले. कानाला यंत्र लावा म्हटलं तर म्हणायचे, "कशाला? महत्त्वाचं तेवढं ऐकू येतं." पांढरा हाफशर्ट, चापून बसवलेले केस, हातात डब्याची कापडी पिशवी आणि चेहऱ्यावर असं हसू की समोरच्याला वाटावं, हा माणूस आपल्याला कुठेतरी भेटलाय. त्या हसण्यानंच सगळा घोटाळा व्हायचा.

बहिरा माणूस मोठ्यानं बोलतो, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण काकांना अनोळखी माणसांसाठी प्रार्थना करायची खोड होती, आणि तीही जागच्या जागी, भर रांगेत.

स्टेशनबाहेर धर्माची पत्रकं वाटणारे लोक मी पाहिले होते. त्यांचा त्रास नसतो. पत्रक घ्यायचं, घडी करून खिशात टाकायचं, विषय संपला. काका पत्रकं वाटत नसत. ते विचारायचे, "नाव काय आपलं?" माणूस नाव सांगायचा. "राहायला?" तेही सांगायचा. मग हळूच, म्हणजे त्यांच्या मते हळूच, "घरी काही अडचण?" आता मुंबईत रांगेत ताटकळलेल्या माणसाला कुणी आपुलकीनं अडचण विचारली तर तो थांबतोय होय? बायकोच्या दम्यापासून भावकीच्या भांडणापर्यंत सगळं ओकून मोकळा व्हायचा, पण काकांच्या कानाशी लागून, खालच्या आवाजात. तो मोकळा झाला की काका पिशवी दोन पायांच्या मध्ये ठेवायचे, डोळे मिटायचे आणि सुरू व्हायचे.

"हे दयाळू पित्या! तुझं हे लेकरू मधुकर तांबे, राहणार पाचरस्ता, याचा मेहुणा दोन वर्षं याच्या खोलीत ठाण मांडून बसलाय! याच्या बायकोपुढे याचं काही चालत नाही, हे तू जाणतोस!"

आख्खी रांग वळून मधुकर तांब्यांकडे बघायची. तांबे बिचारे लाल व्हायचे, काकांचा हात ओढायचे, पण प्रार्थना सुरू असताना काकांना हलवणं म्हणजे उभी बस ढकलण्यासारखं होतं. शेवटी काका "हे मी तुझा पुत्र प्रभू येशू याच्या नावाने मागतो, आमेन" म्हणायचे आणि डोळे उघडायचे. मग आपली गोष्ट सांगायचे. एकदा प्रेसखाली त्यांचा हात राहिला होता आणि प्रेस खाली येता येता अर्ध्यात अडकली. "चार बोटं इथं दिसतायत ना तुम्हाला? ही त्यानं ठेवलीत. तो तुमचंही ऐकेल. विचारून बघा त्याला." एवढं बोलून ते गप्प. चर्चला या नाही, बायबल घ्या नाही. त्यांच्या दृष्टीनं काम झालेलं असायचं. तांब्यांच्या दृष्टीनं उद्यापासून दुसरा स्टॉप शोधायची वेळ आलेली असायची.

मी नवीन असताना मलाही त्यांनी गाठलं होतं. त्या दिवशी साहेबानं माझी रजा नाकारली होती आणि मी वैतागलेलो होतो. त्या वैतागात साहेबाचा उद्धार करून बसलो. "साहेबाचं नाव काय म्हणालास?" काकांनी विचारलं आणि मी मूर्खासारखं सांगितलं. काकांनी साहेबाचं नाव, आडनाव आणि खातं घेऊन त्याचं कठोर मन मऊ होण्यासाठी पित्याला साकडं घातलं. रांगेत चार माणसं पुढे आमच्याच ऑफिसातल्या टायपिस्ट बाई उभ्या होत्या. अकरा वाजेपर्यंत बातमी घाटकोपरच्या ऑफिसात आमच्या टेबलापर्यंत पोचली होती. साहेबानं मला केबिनमध्ये बोलावलं. "काय हो सावंत, माझ्यासाठी बसस्टॉपवर प्रार्थना चालू केलीत म्हणे?" रजा अर्थातच मिळाली नाही.

संध्याकाळी मी काकांच्या दारात जाऊन भांडलो. "काका, तुम्हाला मनातल्या मनात करता येत नाही का?"

आतून त्यांची मुलगी रूथ बाहेर आली. रूथ शाळेत शिकवायची. आई लहानपणी गेलेली, त्यामुळे घर तिच्याच अंगावर. कपाळाला हात लावून म्हणाली, "दादा, मी लहान असल्यापासून सांगतेय. पप्पा, देव बहिरा नाहीये."

"देव नाही गं," काका शांतपणे म्हणाले, "मी आहे. मी काय मागतोय ते मला नको का ऐकू यायला?"

मी घरी येऊन बायकोवर ओरडलो.

रेशनच्या दुकानात तर त्यांनी कहर केला. तेव्हा पामतेल आलंय म्हटल्यावर सगळी वस्ती डबे घेऊन धावायची. आमचा दुकानदार मापात हात मारायचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण बोलायचं कुणी? बोललं की पुढच्या वेळी "माल संपला". काकांचा नंबर आला. त्यांनी दुकानदाराला नाव विचारलं, घरच्यांची चौकशी केली, आणि काउंटरवर डबा ठेवून डोळे मिटले. "हे पित्या! तुझं हे लेकरू रोज पहाटे उठून आमच्यासाठी दुकान उघडतं! याच्या मापावर तुझा हात असू दे!" मागच्या बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. दुकानदार काळानिळा झाला. पुढच्या वेळी काका रांगेत दिसताच तो ओरडला, "ओ साळवे, तुम्ही पुढे या! तुम्हाला पहिलं देतो! फक्त ते प्रार्थनेचं नको!" काका पुढे गेले नाहीत. रांगेतल्या माणसांशी त्यांना बोलायचं होतं ना. मी त्यांच्या मागेच होतो. तासभर उभं राहून पायांची वाट लागली होती. पुढे बोलावतायत तर जायचं, माझाही डबा न्यायचा, एवढं साधं ज्ञान या माणसाला नव्हतं.

सगळेच हसून सोडून द्यायचे असंही नाही. एकदा मार्केटात एका तरुणानं त्यांची कॉलर धरली. "आमच्या लोकांना बाटवायला येतो काय रे?" काका म्हणाले, "जरा मोठ्यानं बोला." त्यानं पुन्हा म्हटलं. "कानाशी या, मशीनीवर काम करतो मी, ऐकू येत नाही." आता राग एकदा झकास येतो, दुसऱ्यांदा बरा येतो, तिसऱ्यांदा माणसाला स्वतःलाच कसंतरी वाटायला लागतं. कॉलर सोडून तो म्हणाला, "जाऊ द्या, घरी जा." काकांना हे शेवटचं बरोब्बर ऐकू आलं. शर्ट नीट करत त्यांनी विचारलं, "तुमच्या घरी सगळे बरे आहेत ना?" मी हाताला धरून त्यांना तिथून अक्षरशः ओढून आणलं. घामाघूम झालो होतो. मी, ते नव्हे.

"काका," मी वाटेत म्हटलं, "इतकी वर्षं हे करताय. एक तरी माणूस तुमच्यामुळे ख्रिस्ती झालाय का?"

"नाही."

"मग कशासाठी हा उपद्व्याप?"

"मला आनंद झाला तो मी सांगतो. तुझं प्रमोशन झालं की तू पेढे वाटतोस. घेणाऱ्यानं आपल्या ऑफिसात नोकरीला लागावं म्हणून वाटतोस का?"

त्या पेढ्यांनी मला आणखीच चीड आली. त्यात भर म्हणजे आमची आई गावाहून आली की तिचं आणि काकांचं मेतकूट. पहिल्या दिवशी म्हणाली होती, "ह्यो बाबलो इतक्या मोठ्यान कित्याक बोंबालता?" आणि चौथ्या दिवशी गॅलरीत बसून गुडघ्यासाठी प्रार्थना करून घेत होती. मी डोळे वटारले तर मलाच म्हणाली, "माज्या रवळनाथाक काय राग येवचो नाय. तू गप रव."

पण या सगळ्याचा खरा जाच होत होता तो रूथला. तिचं वय वाढत होतं आणि लग्न जमत नव्हतं. एक स्थळ अगदी होत आलं होतं. अंधेरी स्टेशनजवळच्या उडप्याच्या हॉटेलात दोन्हीकडची मंडळी भेटली. मुलगा दिसायला बरा, नोकरी बरी. मुलाच्या आईनं काकांना विश्वासात घेऊन सांगितलं की मुलगा कधीमधी थोडी घेतो, पण लग्नानंतर सुधारेल. काकांना वाईट वाटलं. त्यांना वाईट वाटलं की काय होतं ते आता सांगायला नको. इडल्या यायच्या आधीच हॉटेलातल्या सगळ्या टेबलांना मुलाचं पिणं कळलं होतं. वेटरसुद्धा ट्रे घेऊन उभाच राहिला. ते स्थळ गेलं. "पिणाराच होता ना?" काका म्हणायचे. रूथ म्हणायची, "पप्पा, प्रश्न तो नाहीये." ती चांगली दोन आठवडे त्यांच्याशी बोलली नाही.

मग गायकवाडांचं स्थळ आलं. गायकवाडही नगरकडचे ख्रिस्ती, विलेपार्ल्याला राहणारे, मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. मुलगा सालस होता, रूथला मनापासून आवडला होता. तिच्या चेहऱ्यावर मी तेव्हा पहिल्यांदा असं काही पाहिलं की आमची सौसुद्धा म्हणाली, "या वेळी जमू दे रे बाबा." गायकवाड मात्र कडक इस्त्रीचा माणूस. बोलणं मोजकं, आवाज इतका हळू की काकांना त्यातलं निम्मं ऐकूच यायचं नाही. बैठकीला काकांनी मला बोलावून घेतलं होतं, ते बहुधा गायकवाडांचं बोलणं पुन्हा सांगायला.

गायकवाड म्हणाले, "साळवे, अंधेरीच्या हॉटेलातलं आमच्या कानावर आलंय. बसस्टॉपचंही. श्रद्धा आम्हालाही आहे. पण आपण मोजकी माणसं. शेजारपाजाऱ्यांत मानानं राहावं, रस्त्यावर तमाशा करू नये. लग्न होईपर्यंत तरी तुम्ही बाहेर तोंड उघडणार नाही असा मला शब्द द्या. त्यानंतर तुमचं तुम्ही बघा."

मी हे सगळं काकांच्या कानात ओरडून सांगितलं. काकांनी रूथकडे पाहिलं. ती खाली मान घालून पदराचं टोक पिळत होती. त्या वेळी मला काकांचा इतका राग आला की वाटलं, आता जर हा माणूस 'नाही' म्हणाला तर मीच याच्याशी कायमचं बोलणं टाकीन.

"दिला," काका म्हणाले. "बाहेर एकही प्रार्थना माझ्या तोंडून निघणार नाही."

त्यांच्या चर्चमध्ये लग्नाआधी लागोपाठ तीन रविवार घोषणा वाचतात. अमक्याचं तमकीशी लग्न ठरलंय, कुणाची हरकत असेल तर सांगावी. ते तीन रविवार उलटून लग्न लागेपर्यंत काकांनी गप्प राहायचं होतं. मला वाटलं, सुटलो. आता रांगेत निवांत पेपर वाचेन.

कसलं निवांत! काका रांगेत यायचे, कुणीतरी दमलेला, चेहरा पडलेला माणूस शोधून काढायचे आणि त्याच्याकडे भरल्या डोळ्यांनी बघत उभे राहायचे. माणूस अस्वस्थ व्हायचा. मला विचारायचा, "यांना काय झालंय हो? माझ्याकडे असं का बघतायत?" मग मी समजावून सांगायचो की यांना तुमच्यासाठी प्रार्थना करायचीय पण करता येत नाही, मुलीचं लग्न आहे. माणूस आणखीच गोंधळायचा. पूर्वी काका निदान स्वतःचं स्वतः बोलायचे. आता त्यांच्या वतीनं मला बोलत बसावं लागत होतं. एकदा तर त्यांनी मला कोपरानं ढोसून म्हटलं, "सावंत, त्या निळ्या शर्टवाल्याला विचार ना, घरी काही अडचण आहे का." मी साफ नकार दिला.

तिसरा रविवार पार पडला. लग्न त्याच आठवड्यात होतं. हॉलवाल्याशी बोलायला गायकवाड सकाळीच मुलुंडला आले होते आणि काकांबरोबर स्टॉपवर उभे होते. मी काकांच्या दुसऱ्या बाजूला. रांग बरीच होती. तेवढ्यात एक बाई जवळजवळ धावतच आली. विस्कटलेले केस, हातात स्टीलचा डबा आणि थर्मास. रांगेतल्या एकेकाच्या तोंडाकडे बघत ती काकांसमोर थांबली.

"तुम्हीच ना ते मोठ्यानं प्रार्थना करणारे? रेशनच्या लायनीत बायका सांगत होत्या."

काकांनी तिच्या ओठांकडे पाहिलं आणि मान हलवली.

"माझा नवरा इमारतीच्या परांचीवरून पडलाय. दामोदर पवार. आज त्याच्या डोक्याचं ऑपरेशन आहे, थोड्या वेळात नेतायत. मला तिकडेच जायचंय. तुम्ही फक्त दोन शब्द बोला. मला काय बोलायचं ते सुचेना हो."

काकांचं तोंड उघडलं. त्यांनी गायकवाडांकडे पाहिलं आणि ते मिटलं. गायकवाड ताठ उभे होते, पण नजर रस्त्याकडे. त्यांनी बाईचे दोन्ही हात डब्यासकट धरले आणि नुसतेच उभे राहिले. त्या क्षणी त्यांना काय होत असेल ते मला कळत होतं. एकीकडे ही बाई, दुसरीकडे रूथ. बाई म्हणाली, "बोला ना हो." आख्खी रांग बघत होती.

माझं डोकंच फिरलं. काकांचा राग आला, त्यांच्या शब्दाचा आला, गायकवाडांच्या इस्त्रीचा आला. "मी बोलतो," मी म्हटलं.

गायकवाडांनी चमकून पाहिलं. "तुम्ही? तुम्ही तर हिंदू ना?"

"हो. आणि मी तुम्हाला काही शब्द दिलेला नाही."

काय चाललंय ते काकांना कळलं. त्यांनी पिशवी दोन पायांच्या मध्ये ठेवली आणि डोळे मिटून घेतले. मीही मिटले, न मिटून सांगतो कुणाला. "हे दयाळू पित्या," मी सुरुवात केली. इतकी वर्षं शेजारी उभं राहून सगळं पाठ झालं होतं. काकांनी कान माझ्याकडे केला. मी आवाज वाढवला. "तुझं हे लेकरू दामोदर पवार, याच्या डोक्याचं आज ऑपरेशन आहे! डॉक्टरांचा हात स्थिर ठेव! ही बाई एकटी धावतेय, हिला धीर दे! याला उठवून घरी आण!" बोलता बोलता माझा आवाज भरून आला, याचीही मला चीडच आली. त्या दामोदर पवारला मी जन्मात पाहिलेलं नव्हतं.

शेवटाला येऊन मी अडलो. पुढचं वाक्य मला येत होतं, पण ते माझं नव्हतं. ते उसनं घेऊन म्हणणं काकांनाही आवडलं नसतं, असं वाटलं. मी तसाच उभा राहिलो. मग शेजारून अगदी हळू, जेमतेम मला आणि त्या बाईला ऐकू येईल असा आवाज आला. "हे आम्ही प्रभू येशूच्या नावाने मागतो. आमेन." गायकवाड बोलत होते. त्यांचेही डोळे मिटलेले होते.

बाईनं डोळे पुसले, तिघांनाही एकदमच हात जोडले आणि ती पळाली. तेवढ्यात माझी बस आली. मी आधीच उशिरात होतो. रांग पुढे सरकली, मी चढलो आणि मागच्या खिडकीशी जागा मिळाली म्हणून बसलो. बाहेर बघतो तर काका जागेवरच. डोळे मिटलेले, हात पुढे धरलेले, त्यात आता कुणीच नाही. गायकवाडांचं हळू आमेन त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. प्रार्थना संपलीय हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि ती संपल्याशिवाय ते डोळे उघडणार नव्हते. लोक त्यांना वळसा घालून बसकडे येत होते.

गायकवाडांनी त्यांच्या दंडाला हात लावला. काका हलले नाहीत. गायकवाडांनी इकडेतिकडे पाहिलं. मग त्या कडक इस्त्रीच्या माणसानं काकांच्या कानाशी तोंड नेलं आणि सगळा स्टॉप दचकेल अशा आवाजात तो ओरडला, "आमेन, साळवे! आमेन!"

बसमधली माणसंसुद्धा खिडकीतून डोकावली. काकांनी डोळे उघडले, घाबरून आजूबाजूला पाहिलं आणि गायकवाडांचा हात घट्ट धरला. बस सुटली होती तरी त्यांचं बोलणं मला स्वच्छ ऐकू आलं.

"अहो हळू, गायकवाड, हळू! माझ्या मुलीचं लग्न व्हायचंय अजून!"

लग्न ठरल्या दिवशी झालं.